माडीवरचं ऊन

जयवंत घाडी आमचे शेजारी. मुलुंडला डोंगराच्या बाजूची आमची गल्ली, आणि दोन घरांमध्ये मेंदीचं कुंपण. त्यांच्या वडिलांनी परळच्या गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, असताना, इथे गवत आणि साप यांपलीकडे काही नव्हतं तेव्हा, ही एकमजली माडी बांधली. खाली शहाबादी फरशी, वर लाकडी तक्तपोशी, त्यावर मंगलोरी कौलं. वडील गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली. थोरले दत्ताराम वर, धाकटे जयवंत खाली. वाटणी तोंडीच झाली, पण ती दोन्ही घरांनी कागदापेक्षा पक्की पाळली. थोरल्यांची बायको रुक्मिणी काही कामानं खाली आली तर दाराशी थांबून जयवंतांच्या बायकोला विचारायची, "सुगंधा, येऊ काय गो?" घर एक, जिना आतूनच, तरी विचारायची.

जयवंतांबद्दल लिहावं असं फार दिवस मनात होतं. त्यांनी आयुष्यात मोठं काही केलं नाही. गिरणीच्या विव्हिंग खात्यात साच्यांवर, म्हणजे मागांवर, उमेदीची वर्षं गेली. बोलणं कमी, शर्ट नेहमी इस्त्रीचा, आणि कोणाचं काही घेतलं तर परत करायला स्वतः येणार. असा माणूस एका अपराधाच्या ओझ्याखाली किती वर्षं चालतो, हे मी कुंपणाच्या अलीकडून पाहिलं.

अपराध म्हणजे छप्पर.

कोकणातल्या रिवाजाप्रमाणे दरवर्षी मे महिन्यात दोघे भाऊ कौलं चाळायचे. फुटलेली काढायची, सरकलेली बसवायची, पन्हाळी साफ करायच्या. दत्ताराम वर, मांजरासारखे. जयवंत खाली शिडीशी, कौलं हातात देणारे. दत्ताराम १९७९ साली गेले. पुढच्या मे महिन्यात छपरावर कोणी चढलं नाही, आणि त्या पावसात माडीवर तीन ठिकाणी पातेली मांडावी लागली. जयवंत म्हणाले, "डोंगरावरची माकडं येऊन कौलं फोडतात. दरवर्षी कुठवर पुरे पडायचं? सिमेंटचे पत्रे टाकून मोकळे होऊ." माकडं येत होती हे खरं. माझी पपईची झाडं त्यांनी सोडली नव्हती. रुक्मिणीवहिनी म्हणाल्या, "कर तुझ्या मनासारखा." एक्याऐंशीच्या उन्हाळ्याअखेर पत्रे चढले. कौलांखालच्या रीपा निघाल्या, जुनं लाकूड निघालं, लोखंडी अँगल आले. तो पाऊस माडी कोरडी राहिली आणि सगळ्यांनी जयवंतांचं कौतुक केलं.

ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. जयवंत पहिल्यांदाच दुपारी घरी राहू लागले. एरवी त्यांना आपलं घर दुपारचं कसं असतं हे ठाऊकच नव्हतं. मार्च उजाडला. जेवण झालं की ते खालच्या फरशीवर उघड्या अंगानं पडायचे. विहिरीच्या बाजूच्या खिडकीतून फणसाच्या सावलीतला वारा यायचा. एक दिवस वरून काही आणायचं म्हणून ते जिना चढले.

ते मला नंतर म्हणाले, "ताई, भट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखं वाटलं. आणि वैनी तिथं पोथी वाचत बसलेली. पदर ओला करून डोक्यावर घेतलेला."

"काही म्हणाल्या का त्या?"

"म्हणाली, बस, पाणी देतंय."

त्या दिवसानंतर जयवंतांना खालच्या गार फरशीवर झोप लागेना. वर कौलं होती तेव्हा फटींतून वारा खेळायचा, कौलं तापायची तशी निवायचीही. पत्रे सकाळी दहालाच तापत आणि दिवेलागणीपर्यंत तापलेलेच राहत. सगळं घर एक, पण खाली आषाढ आणि वर वैशाख. हे आपल्या हातानं झालं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यातून जाईना.

मग उपाय सुरू झाले. माडीवर पंखा लावून पाहिला; तो तापलेलीच हवा फिरवी, म्हणून उतरवला. एका माणसाला चढवून पत्र्यांवर गोणपाटं अंथरून भिजवली. ती वाऱ्यानं घसरून आमच्या अंगणात पडली. त्याच माणसाकडून चुन्याचा हात मारून घेतला. पहिल्या वळवात तो धुऊन गेला. अंगणात उभं राहून नळीनं पाणी मारलं. समोरचे अनंत शिर्के गॅलरीतून म्हणाले, "घाडी, छपराला रोज न्हाऊ घालताय, एकदा उटणं पण लावा." जयवंत हसले नाहीत. त्यांनी नळी गुंडाळली आणि आत गेले.

सुगंधाला हे सगळं पटत नव्हतं असं नाही, पण ती लालबागची, सरळ बोलणारी. "अहो, वैनीला खाली झोपायला सांगा ना दुपारची. एवढा पसारा कशाला?"

सांगून झालं होतं. वहिनींचं उत्तर एकच होतं, "माका काय उकडत नाय." त्या मला मात्र एकदा मोकळेपणानं बोलल्या. "बाय, खालचा त्यांचा, वरचा आमचा. आज दुपारची गेलंय तर उद्या रातची जाईन. मगे लोक म्हणतले, रांडमुंड बाईक दिरान सांभाळली. माझो घोव माका हय ठेवून गेलो. हयसून मी उठणार नाय." त्यांना दया नको होती. हक्काची जागा हवी होती, मग ती कितीही तापो. मी स्वतः नवऱ्यामागे वीस वर्षं एकटी राहिलेली; मला ते न सांगताही कळलं असतं.

त्र्याऐंशीच्या एप्रिलमध्ये जयवंतांना वाट सापडली. देवापुढे उदबत्ती लावली होती, आणि तिचा धूर खोलीत न रेंगाळता जिन्याकडे वळून वर चालला होता. जिन्याच्या तोंडाला माडीच्या तक्तपोशीत एक लाकडी झडप होती. पूर्वी चोरांच्या भीतीनं रात्री बंद करायचे, पुढे ती दिवसाही बंदच राहू लागली. त्या दिवशी ती उघडी राहिली होती. जयवंत धुराच्या मागे मागे वर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंडी बोलावून माडीच्या त्रिकोणी भिंतीत, अगदी आढ्याखाली, एक झरोका पाडून घेतला. आता वरची तापलेली हवा झरोक्यातून बाहेर जाई आणि तिच्या जागी विहिरीकडच्या खिडकीतली गार हवा खालच्या घरातून जिन्यानं वर ओढली जाई. खालच्यांनाही वारा, वरच्यांनाही. झडप तेवढी उघडी हवी.

मला मुद्दाम बोलावून दाखवलं. माडीवर उभी राहिले तर पायांशी गार झुळूक लागत होती. पूर्वीची भट्टी राहिली नव्हती. वहिनींनी पदर डोक्यावरून खाली घेतला होता. जयवंतांनी हातातली उदबत्ती वर धरून धुराची वाट पुन्हा पुन्हा दाखवली. त्यांच्या चेहऱ्यावर मी वर्षभरात पहिल्यांदा सुटल्यासारखं काही पाहिलं.

मेमध्ये त्यांना लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये काम मिळालं. संप संपण्याची वाट पाहणं त्यांनी सोडलं. सकाळी जाताना झडप उघडी, संध्याकाळी येताना झडप उघडी. त्यांना वाटलं, आपण खाली-वर जमवलं.

त्यात एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. रुक्मिणीवहिनींनी दत्तारामांच्या मागे माळ घातली होती. तुळशीची माळ गळ्यात आली तेव्हापासून मासे, मटण, अंडं, सगळं सुटलं. खालच्या घरात सुगंधा आणि तिची दोन मुलं. मालवणी घर, सोमवार-गुरुवार सोडले तर दुपारी तव्यावर बांगडा नाहीतर सुरमई. पूर्वी कौलांच्या फटींतून वास कुठल्या कुठे जायचा, आणि झडपही बंद असायची. आता खालचा वारा जसा वर जायचा तसा खालचा तवाही वर जायचा. दुपारी बारा वाजता, वहिनी हरिपाठाला बसल्या की त्यांच्या भोवती तळलेल्या बांगड्यांचा वास.

त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर सुगंधानं मासे करणं थांबवलं असतं, आणि पोरांच्या ताटातला घास आपण काढला असं त्यांना झालं असतं. त्यांनी सोपा मार्ग काढला. जयवंत कामाला गेले की झडप लावून घ्यायची, ते यायच्या आधी उघडायची. जिथं झडप बंद तिथं वाराही बंद. झरोका उघडा असला तरी त्याला खालून ओढायला हवा नाही. त्या पुन्हा ओला पदर डोक्यावर घेऊन बसू लागल्या.

सुगंधानं बंद झडप पाहिली होती. तिनं मला नंतर सांगितलं, "मला वाटलं, वैनीला एकांत हवा असेल. खरं सांगू, बरंही वाटलं. वर माळकरी बाई बसलीय आणि खाली मी मासा उलटतेय, तव्याचा आवाज झाला तरी ओशाळल्यासारखं व्हायचं." ती आपल्या नवऱ्याला बोलली नाही. बोलायचं असं त्यात काही आहे हे तिला वाटलंच नाही.

चौऱ्याऐंशीच्या एप्रिलअखेरीस वहिनी माडीवर चक्कर येऊन पडल्या. आवाज ऐकून सुगंधा धावली आणि तिनं कुंपणावरून मला हाक मारली. आम्ही वर गेलो तर झडप बंद. दोघींनी मिळून ढकलली. आतल्या हवेचा लोट अंगावर आला तो अजून आठवतो. वहिनी भिंतीशी कलंडलेल्या होत्या, अंग तापलेलं आणि कोरडं. धरून खाली आणलं, फरशीवर निजवलं, ओल्या फडक्यांनी पुसलं. डॉक्टर येईपर्यंत त्यांनी डोळे उघडले. पहिलं वाक्य, "माका वर नेवा."

जयवंतांना कारखान्यात निरोप गेला. ते आले, वहिनींना पाहिलं, मग जिना चढून झडपेपर्यंत गेले आणि तिथंच पायरीवर बसले. सुगंधानं खालून सगळं सांगितलं. ते ऐकत होते की नाही कळलं नाही.

वहिनींची मुलगी शकु दहिसरला राहायची. ती दुसऱ्या दिवशी आली आणि आईला घेऊन गेली. जाताना दारात उभी राहून म्हणाली, "काका, बाबा होते तोपर्यंत या छपरानं कुणाला भाजलं नव्हतं. आता आई माझ्याकडेच राहील. वरच्या भागाचं काय करायचं ते आपण नंतर बोलू." जयवंतांनी मान हलवली.

त्यानंतर पंधरवडाभर ते रिकाम्या माडीकडे पाहायचे. कौलं परत घालता येतील का म्हणून एका सुताराला आणलं. त्यानं अँगल पाहिले, भिंती पाहिल्या आणि सांगितलं की सगळं लाकूड नव्यानं उभं करावं लागेल. जयवंतांच्या आवाक्यातलं ते नव्हतं. मग त्यांनी स्वतः मासे खाणं बंद केलं.

सुगंधा पाट मांडून बसलेली. "तुम्ही मासे सोडलेत म्हणून पत्रे गार होणारेत का? उगाच माझ्या हातचं अन्न टाकू नका." तिनं मागच्या अंगणात शेगडी मांडून तळून पाहिलं होतं. पण मागचं अंगण म्हणजे विहिरीची बाजू. वारा तिथूनच घरात शिरायचा, आणि वास घेऊन सरळ जिना चढायचा. पुढच्या दारी, रस्त्यावर, तवा मांडणं तिला शोभेना. "या घरात वारा पण वाकडाच," ती म्हणाली.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या सिस्टर सांगायच्या की चूक बोलून टाकली की मन हलकं होतं. मी हिंदू घरातली, मला ते कन्फेशनचं लाकडी खोकं नेहमी बाहेरूनच दिसलं, पण विचार पटायचा. जयवंतांना पाहून वाटे, यांनी बोलावं तरी कुणापाशी? जिच्यापाशी बोलायचं ती "माका काय जाला नाय" म्हणून दार लावून घेणार. क्षमा मागायलाही समोरच्यानं आपलं काही बिघडलं हे कबूल करावं लागतं.

मेच्या मध्यावर रुक्मिणीवहिनी परत आल्या. शकु पिशव्या घेऊन मागे, तोंड लांब करून. "ऐकतच नाही. तिकडे चौथा मजला, पंखा, सगळं आहे, पण हिला स्वतःचं घर पायजे."

"माझा घर आसा," वहिनी म्हणाल्या आणि जिना चढल्या. वर जाऊन झडप लावून घेतल्याचा आवाज आला.

शकुनं मला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा असं काही झालं तर आईला कायमची नेणार, आणि माडी भाड्यानं देणार किंवा विकणार. मी ते जयवंतांना सांगितलं नाही. ते त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी ओसरीतून ऐकलं होतं.

त्यानंतरचा रविवार. मी वहिनींना भेटायला वर गेले होते. त्यांच्या पोलक्याच्या बाह्या ओल्या झालेल्या, हातात जपमाळ. झडप खालून वाजली. जयवंत वर आले, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि भिंतीला टेकून तापल्या तक्तपोशीवर बसले. त्यांनी झडप आपल्यामागे परत लावून घेतली.

"कित्याक इलस?" वहिनींनी विचारलं.

"असोच."

जयवंतांच्या कपाळावरून घाम भुवयांत उतरू लागला. त्यांना ब्लडप्रेशर होतं, हे वहिनींना ठाऊक होतं. त्यांनी विंझणा उचलून वारा घालायला सुरुवात केली. जयवंतांनी विंझणा हळूच धरला आणि खाली ठेवला.

"वैनी, माकडांची गोष्ट खोटी," ते म्हणाले. "माका वर चढूक भय वाटता. दादा होतो तेव्हा निभावला. म्हणान पत्रे घातले."

वहिनी जपमाळ ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, "माका ठावक आसा. तुझ्या दादान सांगलेल्यान. जयवंताचे पाय शिडयेर थरथरतत."

"मगे तेव्हा बोलूक नाय ता कित्याक?"

"बोलान काय करतलंय? मी तरी वर चढणार होतंय? तुका लाज वाटली असती."

जयवंतांना हे अपेक्षित नव्हतं. मला त्यांचा चेहरा दिसत होता. आपली चूक समोरच्याला पहिल्यापासून ठाऊक होती, आणि आपली लाज राखण्यासाठी ती इतके उन्हाळे इथं बसली, हे कळल्यावर ओझं कमी झालं नाही. दुप्पट झालं. त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं आणि तसेच बसून राहिले.

"घाम बघ किती इलो. खाली जा."

"तुम्ही आधी."

"मी हयच बसतंय."

"मगे मी पण."

"जयवंता, वेड लागला काय तुका? जीव जातलो तुझो."

"तुमचो जावक लागलेलो तेव्हा मी स्टोअरात पंख्याखाली बसलेलंय."

हे ते हळू आवाजात म्हणाले. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही सांगावं. मलाही घाम फुटला होता, आणि उठायचं तर दोघांपैकी कोणाआधी उठू, हा प्रश्न होता. जयवंतांचा चेहरा लाल होऊ लागला. त्यांचा श्वास वाजत होता. ते धमकी देत नव्हते, हट्टही नव्हता तो. गार फरशीवर जायचं बळच त्यांच्यात उरलं नव्हतं.

वहिनी उठल्या. चटई गुंडाळली, काखेत मारली, जपमाळ गळ्यात टाकली. "ऊठ. मी चलतंय." झडप स्वतः उघडली आणि जिना उतरू लागल्या. मागून जयवंत, मग मी.

खाली सुगंधा चुलीशी, तव्यावर बांगडे. वहिनींना पाहून तिनं तवा उतरवायला हात घातला.

"उतरू नको. तळ," वहिनी म्हणाल्या. विहिरीकडच्या खिडकीखाली त्यांनी चटई पसरली. तिथं वारा बाहेरून आत येताना पहिला त्यांच्या अंगावर यायचा, मग चुलीकडे जायचा आणि वास घेऊन जिन्यानं वर निघून जायचा. वास त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. त्यांनी ते दोन-तीनदा नाक वर करून अजमावलं. "हय चलता," एवढंच बोलल्या, आणि कुशीवर वळल्या.

तेव्हापासून उन्हाळ्याच्या दुपारी वहिनी खाली असतात. रात्री आणि सकाळी माडीवर. झाली त्याला आता पाच वर्षं. शकुनं माडीचा विषय पुन्हा काढला नाही. सगळं सुरळीत झालं असं वाटेल. पण गल्लीत कोणी बोललंच, "घाडीनं वैनीला बरोबर खाली उतरवलं, आता माडी त्याचीच," आणि ते जयवंतांच्या कानावर गेलं. ते माझ्याकडे येऊन बसले. चहा गार झाला तरी उचलला नाही.

"ताई, वर ठेवली तेव्हा माझा दोष होता. आता खाली आणली, त्यात पण माझाच दिसतो. कुठला खरा?"

मी म्हटलं, "पहिला तुमचा. दुसरा लोकांचा."

त्यांना ते पुरलं नाही. ते तसे पुरवून घेणाऱ्यांतले नाहीत.

एकदा मी दुपारी त्यांच्या घरी होते. जयवंतांची सुट्टी होती. पावसापूर्वी झरोक्याला फळी लावायची म्हणून त्यांना माडीवर जायचं होतं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून ते थांबले आणि खिडकीखाली पडलेल्या वहिनींना म्हणाले, "वैनी, वर जाऊ काय?"

वहिनी अर्धवट झोपेत होत्या. डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "आता ता पण विचारून जातलंस?"

जयवंत पायरीवरच उभे राहिले. वर गेले नाहीत, मागेही फिरले नाहीत. सुगंधा आतून म्हणाली, "जा ना, त्यात काय विचारायचं, घर तुमचंच आहे."

वहिनींनी डोळे उघडले. दिराकडे थोडा वेळ पाहिलं.

"जा," त्या म्हणाल्या. "आणि काम झाला की खाली ये. थंयसर बसू नको."